तळघरातला धोत्रा

ती. आईस, सुषमाचा इतक्या लांबूनच वाकून नमस्कार.

इथे बर्फ पडतोय. दोन स्वेटर घालते, टेन्शन घेऊ नकोस. शिरगावला थंडी आहे का? तुझा गुडघा कसा आहे?

आपल्याकडे उकिरड्यावर उगवतो त्या धोत्र्याचा एक भाऊबंद इथे जर्मनीत माझ्या घरमालकीणबाई कुंडीत जपतात. वीतभर लांब फुलं खाली लोंबतात. बर्फाने मरतो, म्हणून ऐंशीव्या वर्षीही त्या दर हिवाळ्यात त्याला छाटून एकट्याच तळघरात नेतात. एक नंबर बाई!

पण मला तो खराटा बघवेना. तुझ्या तुळशीसारखं रोज आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घालत गेले. परवा बुंधा कुजलेला दिसला. रडतच सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. वरची हिरवी फांदी कापून नव्या कुंडीत लावली आणि म्हणाल्या, "झोपलेल्या झाडाला पाणी पाजू नये, सुषमा. नुसतं येता-जाता बघावं."

आई, बाबा गेल्यापासून मी तुला दिवसाला चार फोन करतेय. आता रविवारी एकच करीन. वाटलं तरच उचल.

तुझी,
सुषमा