अक्रोडाखालची माती

जिल्ह्याचा दवाखाना, ६ एप्रिल १९८६

चि. सौ. मुअत्तर हिस सासू खोसियतचे आशीर्वाद.

पित्ताशयाचं ऑपरेशन सतरा तारखेला ठरलंय. माझी काळजी नको, रोपांची कर. टोमॅटोला बीदलांनंतरची खरी दोन पानं फुटली की रोपं खोक्यातून काढून एकेक डब्यात लाव. धरायचं ते पानाला, देठाला नाही. माझ्या आईचं, गुलाबी टोमॅटोचं बी आहे ते. उरलेली पुरचुंडी उंदरांनी खाल्ली, तुला ठाऊक आहेच. ही सव्वीस रोपं गेली की वाण बुडाला. कोकंद शहरातल्या सूनबाईंनी फुलदाणीपलीकडे झाड पाहिलेलं नाही, म्हणून एवढं लिहिलं. माझ्या लेकाला वेळेवर जेवायला घाल.

अर्सलानबोब, ११ एप्रिल

ती. आईंस मुअत्तरचा सलाम.

काल सव्वीसही रोपं डब्यांत गेली. एकही देठ मोडला नाही, बघा! अंगणातली माती अजून गोठलेली, कुदळ लागेना. मग अक्रोडाच्या रानात जाऊन झाडांखालची काळी, भुसभुशीत माती पोतंभर आणली. असली माती आमच्याकडे विकतही मिळायची नाही. आज तीनचार रोपांनी माना टाकल्यात. खिडकीतलं ऊन लागलं असेल. पाणी वाढवलंय. तब्येतीला जपा.

दवाखाना, १३ एप्रिल

मुअत्तर,

आशीर्वाद मागाहून. अगं, अक्रोडाखालची माती टोमॅटोला विष असते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं! सगळी रोपं काढ, मुळं कोमट पाण्यात धू, मेंढवाड्याच्या भिंतीशी मुरलेली माती असते ती घाल. तू खालच्या मुलखातली, हे मीच विसरले. पण आता मी इथे पडून राहणार नाही. डॉक्टरांना सांगितलं, ऑपरेशन राहू द्या. ते म्हणाले, पुढची कळ आली तर पित्ताशय फुटेल. फुटू दे. परवा, मंगळवारच्याच बसने येते.

अर्सलानबोब, १४ एप्रिल

ती. आईंस,

पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. त्याला बजावलंय, आजच खाटेपाशी नेऊन दे.

सकाळपासून मुळं धुतली. सतरा रोपं हातातच गेली. मी खूप रडले. नऊ उभी आहेत, पण जगतीलच असं सांगवत नाही. सगळी वाचली असं खोटंच लिहावं, म्हणजे तुम्ही थांबाल, असंही मनात आलं होतं. नाही लिहिलं.

आता माझं ऐका. ऑपरेशन न करता बसमधून उतरलात, तर ही नऊही तुमच्या देखत उपटून टाकीन. वाण बुडाला तर बुडाला. तुम्हाला काही झालं तर तुम्हाला मी कुठल्या डब्यात लावू?

शिव्या द्यायला बऱ्या होऊन या. माया आहे तशी राहू द्या.

तुमची मुअत्तर