मागच्या वजनाची पेटी

वेस्ट मांबलम, चेन्नई
१८ ऑगस्ट २०२५

ति. अण्णास,

साष्टांग नमस्कार वि. वि. आम्ही इथे खुशाल. तू राहू दिलंस तर आणखी खुशाल राहू.

काल फोनवर आपण दोघंही ओरडलो आणि तू फोन बंद केलास. म्हणून आप्पांचा नियम पाळते. भावाबहिणीचं भांडण कागदावर, आणि तेही मराठीत. तमिळमध्ये तुम्हाला नको ते शब्द पटकन सुचतात, असं ते म्हणायचे. देवळांचं निर्माल्य तुझ्या खतासाठी नेणारी गाडी उद्या मळ्याकडे निघेल, तिच्याबरोबर हे पत्र देते.

तू घेतलेला जुना लोडर आज गिंडीला माझ्या वर्कशॉपच्या शेडमध्ये उतरवला. अय्यो अण्णा, हे काय घेऊन ठेवलंस? हा मोठ्या ट्रॅक्टरच्या पुढे लावायचा लोडर. तुझा ट्रॅक्टर एवढासा. लोडरचे दोन लोखंडी हात त्याच्या दोन्ही अंगांना कुठे टेकतच नाहीत. मधल्या फटीत पट्ट्या वेल्ड कर आणि मोकळी हो, म्हणतोस. आणि मग? ओल्या खताने भरलेली बकेट वर गेली की सगळा भार पुढे येतो, मागची चाकं जमीन सोडतात, आणि ब्रेक असतात मागच्याच चाकांना. वर बसलेल्या माणसाचं काय होतं ते मला लिहवत नाही.

तुझ्या कंबरेला फावडं वर्ज्य आहे, खताचे ढीग हलवायला माणसं मिळत नाहीत, हे का मला कळत नाही? म्हणून नाही म्हणवत नाही. शिवाय मी नाही म्हटलं की तू हमरस्त्यावरच्या कुठल्या तरी वेल्डरकडून तासाभरात ते चिकटवून घेशील. त्यापेक्षा मीच करते. पण घाई करायची नाही.

धाकटी असून दटावते, म्हणून माया आटू देऊ नकोस.

तुझी,
नंदिता

मळा, तिरुवळ्ळूर
२६ ऑगस्ट

चि. नंदितास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून तुझी वहिनी हसली, मी नाही. अगं, लहानपणी तू झोपाळ्याची कडी ओढून बघितल्याशिवाय बसत नव्हतीस. तू बसेपर्यंत आमची सुट्टी संपायची. आता लोडरचंही तेच चाललंय. गावोगाव लोक छोट्या ट्रॅक्टरला लोडर लावतात. कुणाचा उलटलेला मी तरी पाहिला नाही.

आता माझं ऐक. दिवाळीच्या सुमारास ऐप्पसीचा पाऊस लागला की हे सगळं अर्धं कुजलेलं निर्माल्य चिखल होऊन बसेल. त्याआधी ढीग उलथून छपराखाली न्यायला हवेत. मला वाकता येत नाही. अलमेलू पाट्या भरभरून डोक्यावरून नेते आणि मी खुर्चीवर बसून बघतो. एवढ्या वर्षांच्या संसारात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. हे तिला कळू देऊ नकोस.

तुला हवं ते कर, पण नवरात्रात दे. आयुधपूजेला लोडर दारात हवा.

थोरल्याचं ऐकायची सवय तुला अजून लागली नाही, तरी आशीर्वाद कमी केलेले नाहीत.

शहाजी

वेस्ट मांबलम
२४ सप्टेंबर

ति. अण्णास सा. न. वि. वि.

लोडर आज लॉरीवर चढतोय. माझा वेल्डर नारायणस्वामी सोबत येऊन बसवून देईल. हात कापून आखूड केले, बकेट अरुंद केली, आणि भार नुसता पुढच्या अंगावर न राहता मागच्या आसापर्यंत जावा म्हणून खालून पुऱ्या लांबीची चौकट घातली. तरी माझ्या जिवाला चैन नाही. डोळे मिटले की ट्रॅक्टर मागून उचलला जाताना दिसतो, आणि वर तू.

म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर एक लोखंडी पेटी लावायची आहे, काँक्रीटने भरलेली. दिसायला ओबडधोबड आहे, वळताना बांधाला घासेल, तू कुरकुरशील. खुशाल कुरकुर. पण पुढे लोडर आहे तोवर मागे पेटी हवीच. पुढचा भार तिच्याच जोरावर तोलला जाणार आहे. बकेट गुडघ्याच्या वर ठेवून ट्रॅक्टर चालवायचा नाही. पुढे माणूस उभा असताना तर ती हलवायचीच नाही. अण्णा, मला तुझा शब्द हवा, आणि तो वहिनीच्या देखत हवा.

माझ्या काळजीचा कंटाळा आला तरी चालेल, माझा येऊ देऊ नकोस.

नंदिता

मळा, तिरुवळ्ळूर
४ ऑक्टोबर

चि. नंदितास अनेक आशीर्वाद.

अक्षर वहिनीचं, मजकूर माझा. उजव्या हाताला जरा लागलंय. विहिरीच्या ओल्या पायरीवरून घसरलो. काळजीचं काही नाही. लोडर उत्तम आहे. आयुधपूजा थाटात झाली. सध्या ट्रॅक्टरला विश्रांती दिली आहे. तू इतक्यात यायची तसदी घेऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच.

शहाजी

वन्सं, इथून पुढे मजकूरही माझा. हे पडवीत बसलेत, मी अजून त्यांचंच लिहितेय असं त्यांना वाटतंय. पायरीबियरी सगळं खोटं. पूजेच्या सकाळी यांनी ट्रॅक्टर धुतला आणि पेटी काढून गोठ्यामागे ठेवली. देवीपुढे उभा राहणारा ट्रॅक्टर, त्याच्या मागे तो काँक्रीटचा ठोकळा कसला, म्हणाले. मग मळ्यातली सगळी अवजारं, पहारी, फावडी, जुना पंपसुद्धा, बकेटमध्ये मांडली. वर कुंकू, झेंडूच्या माळा. मी पेटीची आठवण केली, तर नुसती पूजा आहे, काम थोडंच करतोय, असं ऐकवलं. सगळ्यांना दिसावं म्हणून बकेट पार डोक्याच्या वर नेली, चाकांखालची लिंबं चिरडायला ट्रॅक्टर पुढे घेतला, ब्रेक दाबला आणि मागची चाकं वर! बकेट धाडकन खाली आली. हे स्टिअरिंगवर आदळून बाहेर फेकले गेले. मनगट मोडलंय, तिरुवळ्ळूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलंय. बाकी कुणाला काही नाही. तुम्ही हवं तेवढं रागवा, पण लोडर परत नेऊ नका, एवढंच मागणं.

तुमचीच,
अलमेलू

वेस्ट मांबलम
८ ऑक्टोबर

ति. अण्णास सा. न. वि. वि.

काल येऊन गेले. बोलले असते तर रडले असते, म्हणून फारशी बोलले नाही. लोडर गिंडीला पोचला आहे. वहिनी नको नको म्हणत होती, तिचं ऐकलं नाही. माझ्या वतीने तिची समजूत काढ.

तू पेटी काढलीस! देवीला काँक्रीट चाललं नसतं, आणि तुझं फुटलेलं डोकं चाललं असतं का रे? ओरडायची सगळी तयारी करून आले होते. तू फक्त बरं म्हणालास. लोडर काढून नेते म्हटलं, बरं. तोडून भंगारात घालीन म्हटलं, तरी बरं. उभ्या जन्मात तू माझं असं मुकाट्याने ऐकलेलं नाहीस. मला तुझ्या हट्टाची कधी एवढी भीती वाटली नाही, जेवढी काल वाटली. मला सगळं सांगितलंत ना तुम्ही दोघांनी? उत्तर दे. चिडून दिलंस तर उलट मला हायसं वाटेल.

तुझ्या रागाची वाट बघणारी,
नंदिता

मळा, तिरुवळ्ळूर
१२ ऑक्टोबर

चि. नंदितास आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे. लावून वाच.

अलमेलूने तुला सगळं लिहिलं नाही. ती पुढे उभी होती. कोहळ्यावर कापूर पेटवून ट्रॅक्टर ओवाळत होती. मागची चाकं उचलली तेव्हा मला वरून तिचा अंबाडा दिसला, त्यातली अबोली दिसली. मग बकेट खाली गेली आणि ती दिसेना. कोहळा टाकून ती मागे पडली होती. बकेटची धार तिच्या पदरावर होती. पदर फाडून काढावा लागला. मी तिला विचारलं, हे का नाही लिहिलंस. तर म्हणते, लिहिलं असतं तर वन्संनी लोडर ठेवला नसता, आणि तुम्ही पुन्हा फावडं धरलं असतं.

तिला पाट्या उचलाव्या लागू नयेत म्हणून मी तो घेतला, आणि तिच्याच अंगावर घातला. तोडून टाक. ट्रॅक्टरही विकतो. ढग आले आहेत. ती कालपासून पुन्हा पाट्या नेते आहे आणि मी बघतो आहे.

आणखी लिहवत नाही. आम्हाला विसरू नकोस.

शहाजी

वेस्ट मांबलम
२७ ऑक्टोबर

ति. अण्णास आणि सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

अण्णा, तुझं पत्र वाचून मी शेडमध्ये गॅस कटर हातात घेतला होता. मग वहिनीचं डोकं आणि त्यावरची ती ओली पाटी डोळ्यांपुढे आली. कटर ठेवून दिला. वहिनी, माझ्यापासून असं लपवलंस म्हणून तुझ्याशी नंतर भांडणार आहे, समोर बसून.

लोडर तोडला नाही. तो परत येतोय. पण आता मी तुझा शब्द मागत नाही, अण्णा. बकेट उचलणारं तेल ज्या पाइपातून जातं, तो पाइप मी सरळ पुढे नेलेला नाही. तो मागे जाऊन पेटीच्या अंगावरून फिरून पुढे येतो. पेटी काढायची तर ही जोडणी सोडवावीच लागते, आणि सोडली की पाइपांची तोंडं आपोआप बंद होतात. मग लीव्हर कितीही ओढ, बकेट जमिनीवरून उठायची नाही. असं कोणी करत नाही, पाइप वाया जातो, असं नारायणस्वामी म्हणाला. इतरांच्या भावांना पेटी काढायची खोड नसेल, असं मी त्याला सांगितलं.

बकेट किती भरायची त्याची खूण आतून रंगाने केली आहे. पुढे कुणी उभं आहे का, ते मात्र कुठलाही पाइप सांगणार नाही. ते तुला बघायचं आहे. मी इथे बसून घाबरण्यापलीकडे काही करू शकत नाही.

दोघंही मला हवे आहात, एवढं लक्षात ठेवा.

नंदिता

मळा, तिरुवळ्ळूर
१६ नोव्हेंबर

चि. नंदितावन्संस अनेक आशीर्वाद.

यांनी तुम्हाला लिहायला कागद घेतला आणि तसाच ठेवून दिला, म्हणून मी लिहिते.

नारायणस्वामी लोडर बसवून गेले, पण हे त्याच्याकडे फिरकेनात. जेवायला बसताना खुर्चीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून ठेवायचे. मधे पाऊस झाला, पुढचे दोन ढीग गेले वाया. काल प्लास्टर निघालं. घरी आल्या आल्या यांनी मला गोठ्याच्या पलीकडे उभं केलं, हलायचं नाही म्हणून बजावलं, आणि एकटेच जाऊन पेटी खाली उतरवली, पाइप सोडवला, ट्रॅक्टर चालू करून लीव्हर ओढला. बकेट हलली नाही. पुन्हा ओढला, नाही. दात आवळून ओढत राहिले. ती आपली जमिनीवर ढिम्म. मग इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, वन्सं, मोठ्याने. मी हाक मारेपर्यंत रडत होते.

आज पेटी लावून सकाळपासून काम चाललंय. उरलेले ढीग संध्याकाळपर्यंत छपराखाली जातील. माझी पाटी कुठे लपवून ठेवलीये कोण जाणे. मी पडवीत बसून हे लिहितेय, पण एक ओळ सलग होईल तर शपथ. दर वेळी बकेट उचलायच्या आधी ट्रॅक्टर थांबतो, हे मला नावाने हाक मारतात, मी इथून ओ देते, आणि मगच बकेट वर जाते.

पुन्हा हाक आली. इथेच थांबते, माया असू द्या.

तुमचीच,
अलमेलू