नखाखालची लाली

१ ऑक्टोबर १९७४, चिंचवड

लागली एकदाची नोकरी! अंबाजोगाईच्या कॉलेजात अठरा वर्षं प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुतल्या, आता पिंपरीच्या औषध कंपनीत धुवायच्या. पण इथे पंखा आहे आणि दुपारचं जेवण कँटीनमध्ये. चिंचवड गावात अंबूबाईंच्या माडीवर खोली मिळाली. खिडकीतून नदी दिसते. अंबूबाईंनी पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलं, लग्न का नाही केलं? म्हटलं, राहून गेलं.

आई श्रावणात गेली. पत्र लिहायला आता कुणी उरलं नाही, म्हणून ही वही. तिला सगळं बारीकसारीक लागायचं, तसंच लिहीन.

४ ऑक्टोबर

काम मोठं मजेचं आहे. बेडकाचं हृदय काढून काचेच्या बारीक नळीला दोऱ्यानं बांधायचं. वर टांगलेल्या बाटलीतून मिठाचं पाणी त्यात उतरत राहतं, आणि बेडूक नसला तरी ते बिचारं तासन् तास धडधडतं. त्याला अडकवलेली काडी वरखाली होते आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर डोंगर काढते. मग औषधाचा थेंब टाकायचा आणि डोंगर वाढतात की खचतात ते पाहायचं.

आमच्या साहेब अरुंधतीबाई. त्यांनी माझ्या अंगठ्याचं नख दाबून धरलं. पांढरं पडलं. सोडल्यावर एक म्हणेपर्यंत लाल. म्हणाल्या, रक्त टोकापर्यंत पोचतंय श्रीपादराव, तुम्ही जिवंत आहात. आई गेल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता.

नियम एकच, पाच वाजता बाटलीची तोटी बंद, म्हणजे हृदयही थांबतं. शिपाई धोंडीबा इथलाच, मावळातला. तोटी बंद झाली का हे विचारल्याशिवाय कुलूप लावत नाही. म्हणतो, त्येला बी सुटी पायजे, जीव हाय त्यो.

२० ऑक्टोबर, रविवार

रविवार खायला उठतो. खालच्या खोल्यांतली पोरं कंपन्यांतली, कुणी साताऱ्याकडची, कुणी कोकणातली. एकत्र स्वयंपाक करतात, हसतात. मला कुणी बोलवत नाही, मी वयानं मोठा. उगाच थेरगावच्या बाजारापर्यंत चालत गेलो नि परत आलो. दिवसभरात माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.

हसू नकोस आई, पण त्या काडीच्या टकटकीची आठवण येते.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज कंपनीतलं प्रत्येक यंत्र बंद. धुऊनपुसून झेंडूच्या माळा. काल धोंडीबाला खोटंच सांगितलं, तोटी बंद केली म्हणून. एक हृदय मागच्या खोलीत चालूच ठेवलं होतं. सोबत, दुसरं काय!

सकाळी पाहतो तर बाटली कोरडी ठणठणीत आणि ते धडधडतंय. इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं, मग यानंच काय घोडं मारलंय? अनामिकेनं त्यालाही टिळा लावला. नळी पुसताना तेच बोट कापलं होतं, हे मागाहून लक्षात आलं. रक्ताचा थेंब आत ओढला गेला आणि काडी कागदाच्या वर निघून गेली.

३० ऑक्टोबर

बाटली कोरडीच. तरी चालू आहे. लिंबाएवढं झालंय. मागच्या खोलीत बाई येत नाहीत ते बरं. जेवणाच्या सुटीत त्याच्याशी बोलतो. वेडाच झालोय.

आज सहज नख दाबलं. तीन म्हणेपर्यंत पांढरंच.

४ नोव्हेंबर

कागदावर मिनिटाला बहात्तर डोंगर. बेडकाचे इतके नसतात. मनगट धरून मोजलं. बहात्तर. जिना धावत चढलो-उतरलो. माझे एकशे दहा. कागदावर एकशे दहा.

पाय गार पडतात. कंपनीच्या डॉक्टरांना नाडी पटकन सापडेना. टॉनिक दिलं.

११ नोव्हेंबर

धोंडीबाला सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. विचारलं, बाटलीत कायबी न्हाई, मंग त्ये पितंय काय? मी हात पुढे केले. नखं पांढरीफटक.

दोरा कापायला माझा हात होईना. त्याच्या पाया पडलो. म्हणाला, परवा लक्ष्मीपूजन, कंपनीत चिटपाखरू नसतंय. सकाळी दहाला येतो, दोरा कापतो, नदीत सोडतो, तुमी नगा येऊ. मागच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते, ती त्याला दिली. सुटलो बाबा.

१२ नोव्हेंबर

पोरं गावी गेली. अंबूबाई लेकीकडे, देहूला. फराळाचं ताट ठेवून गेल्या. चकली बोटांत धरवत नाही. घरात मी एकटा.

१३ नोव्हेंबर, सकाळ

नाडी नाही. मनगटाला नाही, मानेला नाही. छातीवर हात ठेवला. आत काहीच चालू नाही.

मग मी लिहितोय कसा?

नख दाबलं. सोडलं. पाच मोजल्यावर लाली आली. उशिरा, पण आली. कुठून?

ते पीत नाहीये. आधी प्यालं असेल. आता तेच मला — दोन मैलांवरून — तेच पाजतंय.

देवा. धोंडीबा!

साडेनऊ

पाय उचलत नाहीत. खिडकीपर्यंत सरपटलो. हाक मारली. बाहेर फटाके — कोण ऐकणार —

पावणेदहा

जिन्यापर्यंत — नाही जमत. किल्ली मीच दिली. भला माणूस. शब्दाचा पक्का. वेळेवर जाईल —

दहा

नख दाबलं. सोडलं.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. आली.

पुन्हा.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ. नऊ —

आई, अजून पां