बाबांचा कळफलक

बाबा,

लॅबला निघाले आहे, यायला उशीर होईल. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

काल झेरॉक्सवाले काका भेटले. "बाबांच्या पुस्तकाचं सातवं प्रकरण टाइप झालं, न्यायला सांग," म्हणाले. मला काही कळेना. घरी येऊन तुमचा लॅपटॉप उघडला. मी त्यावर लिनक्स ही नवी सिस्टिम टाकली त्याला चार महिने झाले, आणि लॅपटॉपमधल्या नोंदीप्रमाणे पहिल्या आठवड्यानंतर तुम्ही तो सुरूच केलेला नाही. दर रविवारी मी विचारायची, तुम्ही "झकास चाललंय" म्हणायचात. आणि दुखऱ्या गुडघ्याने चार चौक चालत टाइप करून घ्यायला काकांच्या दुकानात जायचात.

तीस वर्षं तुमची बोटं टाइपरायटरवर बसलेली. मी कळफलकच बदलला, प्रत्येक अक्षराची जागा वेगळी, वर "होईल सवय" म्हटलं. लिनक्समध्ये कुणी आपल्यावर काही लादत नाही, म्हणून मला ते आवडतं. हे तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल! आणि तुमची जुनी सिस्टिम तुम्हाला न विचारता पुसून टाकली.

तुमचा टाइपरायटरचा कळफलक लिनक्समध्येही आहे. बसवायला दहा मिनिटं लागली. चार महिने तुम्ही बोलला नाहीत आणि मी नीट विचारलं नाही. आता जुनी सिस्टिमही शेजारी परत टाकली आहे. सुरू करताना दोन नावं दिसतील, हवं ते निवडा. आठवं प्रकरण घरी बसून लिहा.

फार थकलेय, म्हणून समोर बसून बोलले नाही. चुकलंच माझं.

कोणतं निवडलंत, ते मी नोंदीत बघणार नाही.