तिसरं पेडल

प्रिय दादा,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी "अरे, पण" म्हणेपर्यंत तू पुढच्या पार्टवर पोचलेला असतोस. म्हणून हे पत्र. आधी कच्चं लिहून मग उतरवलंय, त्यामुळे खाडाखोड दिसणार नाही. तरी कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वहिनीला दाखवू नकोस. ती मला परत शाळेत घातल्याशिवाय राहायची नाही.

आधी गाडीची खबरबात. टर्बोचं तेल गळणं थांबलं. सकाळी चालू केली की निळा धूर यायचा तोही गेला. समोरच्या काकू आता गॅलरीत बिनधास्त कपडे वाळत घालतात, यावरून समज. पुढच्या डिस्क बदलल्या, त्यामुळे जोरात ब्रेक लावला तरी स्टिअरिंग थरथरत नाही. आधीच्या हौशी मालकाने दारांवर चिकटवलेल्या ज्वाळा मी वहिनीच्या हेअर ड्रायरने गरम करून सोलून काढल्या. त्यात ड्रायर गेला. ज्वाळांखालचा रंग उन्हाने उडालेला नाही, त्यामुळे तिरप्या उजेडात त्या अजूनही दिसतात. मी पुन्हा पॉलिशचा डबा उघडला तेव्हा आबा म्हणाले, राहू दे रे, भुतं आहेत, भाडं मागत नाहीत.

सीट तू सांगितलीस तेवढी खाली घेतली. स्टिअरिंगला काळं चामडं शिवलं. बाहेरचा टाका तुझ्या अंगठ्याला घासेल म्हणून आतून शिवलं. एक टाका तिरका गेला तर सगळं उसवून पुन्हा शिवलं. आई म्हणाली, या घरातल्या एकाही उशीच्या अभ्र्याचं एवढं नशीब नाही.

दमायला होतं रे. दिवसभर कामावर मालट्रकांखाली पाठ टेकायची आणि घरी येऊन परत गाडीखाली. झोपतो तेव्हा छत फार लांब वाटतं. पण ती गाडी आपण ओढून आणली तो दिवस आठवतो. मी पुढे टेम्पोत, मागे दोरीला गाडी, आणि तू त्या बंद गाडीत बसून तोंडाने गिअर बदलल्याचे आवाज काढत होतास. खिडकीतून मला ऐकू येत होते. पुढच्याच आठवड्यात गोदामात पेट्यांची चळत तुझ्या अंगावर आली. डॉक्टरांनी आपल्या सगळ्यांसमोर सांगितलं की डाव्या पायात फारशी ताकद येणार नाही. ते गेल्यावर तू मला म्हणालास, बारक्या, तू गाडी तयार ठेव, पाय मी आणतो. तेव्हापासून आपलं घर त्या एका वाक्यावर चाललंय. तू तिकडे केंद्रात चालायला शिकतोस आणि मी इकडे क्लच हलका करतो.

दर रविवारी तू विचारतोस, क्लच कुठे धरतो. मी सांगतो. तू म्हणतोस, अजून जरा हलका कर. मी करतो. माझा पाय आखूड, म्हणून सीट तुझ्या जागेवर सरकवायची, तुझा घरातला जुना डावा बूट काठीला बांधायचा आणि त्याने पेडल दाबून बघायचं, असं माझं चाललं होतं. एकदा वहिनीने ते पाहिलं. आधी खूप हसली. मग चहा टाकते म्हणून आत गेली, आणि चहा काही आला नाही.

गेल्या वेळी तुला भेटून येताना तिने तुझे तिथले बूट दुरुस्तीला आणले. कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. मी चांभाराकडे जाऊन कागद सोडला. उजवा जवळजवळ नवा होता. डाव्याचं टोक झिजून आतलं कापड बाहेर आलं होतं. चांभार म्हणाला, रबर लावून देतो, पण पाय ओढणाऱ्या माणसाला हेही फार दिवस पुरायचं नाही. त्याच रविवारी तू फोनवर सांगितलंस, आता पाय मस्त उचलतो. मी "वा" म्हणालो. आबाही वा म्हणाले. आईने तर देवापुढे साखर ठेवली. वहिनी भांडी घासत होती, तिने नळ मोठा केला.

तर लिहायचं होतं ते असं. मी क्लचचं पेडल काढलं आणि तिथे पत्रा लावून जागा बंद केली. गिअरच्या दांड्याला मोटरसायकलसारखा लिव्हर बसवलाय. बोटांनी ओढला की क्लच सुटतो आणि त्याच हाताने गिअर पडतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्या पायाला होते तसेच आहेत. मी मैदानात चालवून पाहिली, डावा पाय सीटखाली दुमडून ठेवला, चुकून मदतीला येऊ नये म्हणून. आधी सारखी बंद पडली, मग जमलं. पळते, दादा. तू म्हणायचास तशीच पळते. तू चिडशील. म्हणशील, याने माझ्या पायावर फुली मारली. मारली. रविवारी वहिनीला घेऊन मी गाडीनेच येतोय. तुमच्या केंद्रामागे मोकळी जागा आहे, तिथे लावीन आणि किल्ली तुझ्या हातात देईन. बसलास तर मी शेजारी बसेन, काही बोलणार नाही. बसायचं नसेल तर तसं सांग, मी ती विकून टाकीन आणि तुझ्यासमोर कधी विषय काढणार नाही. फक्त पेडल परत बसव असं म्हणू नकोस. तू म्हणालास तर मी बसवीन, मला तुला नाही म्हणता येत नाही, आणि मग आपण दोघं म्हातारे होईपर्यंत ती गाडी नुसती तयार होत राहील.

तुझाच,
बारक्या