तीन बाटल्या आणि एक जीभ

इंदूर, मध्यभारत
१२ मे १९५४

रा. रा. दौलतराव यांस जयसिंगरावाचा सप्रेम रामराम. वि. वि. आईसाहेबांचा गुडघा आणि तुमची काळी म्हैस, दोघांनाही आता उतार पडला असेल. तुमची बहीण इंदिरा लोणचं घालायला गौतमपुऱ्याला आली आहे, तिला सवडीने येऊ द्या. इथे माझं उत्तम चाललं आहे (खिचडी मला मुळातच आवडते).

संस्थान विलीन झालं तशी माझी आबदारखान्यातली नोकरीही विलीन झाली, हे तुम्ही जाणताच. वीस वर्षं सरदारांचे पेले भरले, पण गळ्यात माळ, त्यामुळे थेंब चाखला नाही. लोकांना मात्र वाटतं, हा मोठा दर्दी. (मीही कधी नाही म्हटलं नाही.) आता इथल्या क्लबाला कोठी सांभाळायला माणूस हवा आहे. उन्हाळ्यापुरती राजधानी ग्वाल्हेरहून इकडे आली की मागोमाग साहेब लोक येतात. त्यांना शेजारी शेजारी ठेवून चाखायला तीन फ्रेंच तांबड्या वाइन हव्यात. स्वस्त, महूच्या दुकानात बारमाही मिळणाऱ्या आणि चवीला एकमेकींहून निराळ्या. क्लबाने दिलेल्या सहा बाटल्यांतून अशा तीन जो निवडेल, त्याला नोकरी.

मला सहाही बाटल्यांना शाईचाच वास आला. तेव्हा इंदिरेला विनवलं. तिसऱ्या घरची डाळ लागली तरी हिला आधी कळतं. तिने दार लावून थेंब थेंब जिभेला लावला आणि दर थेंबाला तुळशीच्या पाण्याने चूळ भरली (हे आईसाहेबांना वाचून दाखवू नये). बोर्दो म्हणजे मेथी करपलेली फोडणी, बोजोले म्हणजे ताजी जांभळं, रोनची म्हणजे मिरी घातलेला गूळ. “बाकी तिघींत कुछ दम नहीं,” म्हणाली. तेच मी क्लबात डोळे मिटून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, जीभ असावी तर अशी. मी नम्रपणे मान लववली.

आता शनिवारी कागदात गुंडाळलेल्या त्याच तीन बाटल्या चवीवरून ओळखायच्या, मग नेमणूक. तालमीला शेजारच्या बाबूरावांना बोलावलं (ते मिलमध्ये कारकून आहेत). त्यांनी बचकभर लौंग सेव तोंडात टाकली, तिन्ही पेले संपवले आणि निकाल दिला, “तिन्ही एक नंबर, भिया.”

वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोकं, मुलांच्या पाठीवर थाप.

आपला,
जयसिंगराव

ता. क. सवडीने लिहिलं ते रीत म्हणून. इंदिरेला शुक्रवारच्या मोटारीत बसवाच. क्लबाच्या कोठीत पडद्यामागे तिच्यासाठी पाट मांडून ठेवतो.

ता. क. दुसरा. ती लोणच्यासाठी आलेली नाही. “जीभ माझी आणि कौतुक तुमचं?” एवढंच बोलली आणि बोचकं बांधलं. चूक माझी आहे, आणि तिच्याविना घर खायला उठतं. तिला सांगा, जीभ कोणाची ते अध्यक्षांना कबूल करणारी चिठ्ठी मी लिहून ठेवली आहे. (नेमणुकीचा कागद हातात पडला की पोचवतो.)