झिजलेल्या दाढा

कर्जत, बुधवार, १२ फेब्रुवारी १९६९

भिवपुरीच्या रानात सापडलेल्या जबड्याच्या पंचनाम्याला आज पंच होतो. डॉक्टरांनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून मोजला. हनुवटी निमुळती, म्हणून स्त्री. दाढा झिजलेल्या, म्हणून चाळिशी उलटलेली. डोंगरवाडीची हरवलेली मुलगी पंचविशीची. सही करून मी बाहेर बसलेल्या तिच्या आईला सांगितले, "बाई, दाढा फार झिजल्या आहेत. ही तुझी मुलगी नव्हे."

"आमी जात्यावरची नाचणी खातो, दादा. पिठात दगडाची कच येते. माज्या पोरीच्या दाढा झिजल्याच व्हत्या."

मी आत जाऊन ते सांगितल्यावर डॉक्टरांनी जबडा पुन्हा उचलला. अक्कलदाढ नुकतीच वर आलेली, म्हणजे वय विशी-पंचविशीचे. मी सही खोडली.

'तुझी मुलगी नव्हे' ऐकूनही तिला हायसे वाटले नव्हते. ते मला तेव्हाच का खटकले नाही?